रश: चार अल्बम माझे, बाकीचे तुमचे

रश या रॉक बँडचा विषय निघाला की आमच्या रविवारच्या टोळक्याची गाडी '२११२' आणि 'हेमिस्फिअर्स' या दोन अल्बमांपुढे सरकतच नाही. वैशालीतली कॉफी गार होते, पण वीस मिनिटांच्या गाण्यांचं कौतुक संपत नाही. तिथे माझा आवाज कुणाला ऐकू जात नाही, म्हणून इथे लिहिते. गेडी ली (गायन, बास, कीबोर्ड), ॲलेक्स लाइफसन (गिटार) आणि नील पर्ट (ड्रम्स) या तीन कॅनेडियन माणसांचं सगळ्यात अस्सल काम १९८० ते १९८४ मधलं आहे: 'पर्मनंट वेव्ज', 'मूव्हिंग पिक्चर्स', 'सिग्नल्स', 'ग्रेस अंडर प्रेशर'. गाणी आखूड झाली, कीबोर्ड वाढला आणि ही मंडळी खरी खुलली. कीबोर्ड म्हटलं की नाकं मुरडणाऱ्यांनी पुढे वाचलंच पाहिजे.

'२११२'ची हकिकत मलाही आवडते. १९७५ चा 'कॅरेस ऑफ स्टील' आपटला. त्यानंतरच्या दौऱ्याला यांनी स्वतःच 'डाउन द ट्यूब्ज टूर' असं नाव ठेवलं, यावरून काय ते समजा. रेकॉर्ड कंपनीला हवी होती रेडिओवर वाजतील अशी छोटी गाणी. यांनी पुढच्या अल्बमची अख्खी पहिली बाजू एकाच गाण्याला देऊन टाकली. सदाशिव पेठेतही इतका ताठा कमीच. पण हकिकत झकास म्हणून गाणंही झकास, हे मला मान्य नाही. गाण्यातल्या नायकाला गुहेत गिटार सापडते आणि ॲलेक्स लाइफसन एकेक तार सुरात लावत जातो, तेवढा भाग मी कितीही वेळा ऐकेन. बाकीचं ऐकताना माझं लक्ष घड्याळाकडे जातं.

'हेमिस्फिअर्स'मध्ये तर गाणं आधी बांधलं आणि गेडी लीची पट्टी नंतर आठवली. गायला उभा राहिल्यावर त्या बिचाऱ्याला कळलं की सूर कुठच्या कुठे चढलेत. ऐकताना माझाच घसा खवखवतो. त्याच अल्बमवरचं 'ला व्हिला स्ट्रँजिआटो' मात्र वेगळं. साडेनऊ मिनिटांची ही रचना एका दमात वाजवायचा हट्ट धरला, जमेना, शेवटी तीन तुकड्यांत रेकॉर्ड केली. 'फ्लाय बाय नाइट' या अख्ख्या अल्बमला लागला त्याहून जास्त वेळ या एका रचनेने खाल्ला. ही लांबी मला चालते. एक तर त्यात गायचं नाही, आणि दुसरं म्हणजे एकही जागा भरताड नाही.

आता 'मूव्हिंग पिक्चर्स'मधलं 'वायवायझेड'. लहानपणी तबला शिकल्यामुळे मला हे गाणं जरा वेगळंच ऐकू येतं. वायवायझेड हा टोरांटो विमानतळाचा कोड, आणि गाण्याची सुरुवात म्हणजे तीच तीन अक्षरं मोर्समध्ये, म्हणजे तारायंत्राच्या डॉट-डॅशच्या लिपीत. वाय म्हणजे डॅश, डॉट, डॅश, डॅश. झेड म्हणजे दोन डॅश, दोन डॉट. डॅशला एक मात्रा आणि डॉटला अर्धी धरा. साडेतीन, साडेतीन आणि तीन, झाल्या दहा. तबल्यातला झपताल! टाळी देऊन बघा: पहिल्या मात्रेची सम मिळते, सहावीवरची खाली (जिथे टाळी न देता हात मोकळा सोडतात) मिळते, आणि झेड सुरू होतो बरोब्बर आठव्या मात्रेच्या टाळीवर. तिसऱ्या मात्रेची टाळी तेवढी पोकळीत पडते आणि तिथेच हात चुकतो. नळ स्टॉपच्या सिग्नलला स्टीअरिंगवर हे करून बघा, सिग्नल सुटलेला कळणार नाही. आमच्या गटातले एक काका, जुने बँडवाले, म्हणाले, "अगं, त्या नील पर्टला कुठे झपताल ठाऊक होता?" नसेना का. हात माझे आहेत.

'सिग्नल्स'मधलं 'सबडिव्हिजन्स' सात मात्रांत सुरू होतं. विषय उपनगरांचा, एकसारख्या घरांचा, आणि त्यात न मावणाऱ्या पोरांचा. कोथरूडच्या सोसायटीत वाढलेल्या माणसाला यात आणखी काय समजावून सांगायचं?

'ग्रेस अंडर प्रेशर'ला थंड म्हणतात. थंड आहेच. 'रेड सेक्टर ए' ऐका. गेडी लीचे आईवडील नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेले. आईची सुटका बेर्गन-बेल्झनमधून, १९४५ च्या एप्रिलमध्ये. गाणं त्या आठवणींतून आलंय. त्यात बास गिटार नाही, गेडी लीचे हात सिंथेसायझरवर, म्हणजे कीबोर्डवर आहेत. बासमुळे जी ऊब आली असती ती इथे नको होती. कीबोर्डने बँड बिघडवला म्हणणाऱ्यांनी हे एक गाणं हेडफोन लावून ऐकावं, मग बोलू.

१९८५ ते १९९३ झटपट उरकते. 'पॉवर विंडोज' चांगला, 'होल्ड युअर फायर' गुळमट, 'प्रेस्टो' पातळ, 'रोल द बोन्स'मधल्या रॅपबद्दल न बोललेलंच बरं, 'काउंटरपार्ट्स' दणकट.

१९९६ च्या 'टेस्ट फॉर एको'आधी मात्र एक गोष्ट घडली. चाळिशी ओलांडलेला, जगभर नावाजलेला पर्ट फ्रेडी ग्रूबर या म्हाताऱ्या गुरूकडे गेला आणि काठी धरण्यापासून सगळं नव्याने शिकला. अल्बम मला यथातथाच वाटतो. पण त्या वयात पुन्हा गंडा बांधायला किती जण तयार होतील?

मग १९९७ मध्ये त्याची मुलगी अपघातात गेली, पुढच्या वर्षी बायको. बँड थांबला. २००२ ला 'व्हेपर ट्रेल्स' आला, त्याचं पहिलं गाणं उघडतं ते नुसत्या ड्रम्सवर. कीबोर्ड गायब. मूळ सीडीचा आवाज इतका फुगवलेला की कान किटतात; २०१३ चं नवं मिश्रणच ऐका. २०१२ चा 'क्लॉकवर्क एंजल्स' शेवटचा, आणि माझ्या चौघांनंतर पाचवा नंबर त्याचाच.

पर्ट जानेवारी २०२० मध्ये गेला. २०२५ मध्ये लाइफसन आणि ली यांनी पुन्हा दौरा जाहीर केला, ड्रम्सवर आनिका निलेस ही जर्मन वादक. काकांचं म्हणणं, याला रश म्हणायचं नाही. माझं म्हणणं, आधी तिला ऐका, नावाचं मागाहून बघू. 'हेमिस्फिअर्स'वाल्यांनी रविवारी जरूर यावं. मी येताना 'ग्रेस अंडर प्रेशर' आणते, तुम्ही फक्त ते अठरा मिनिटांचं गाणं लावू नका.