दिवेलागणीला सुरू होणारं रडणं

आमचं लेकरू महिन्याचं व्हायच्या आधीच रोज दिवेलागणीला सुरू व्हायचं, पोट भरलेलं, लंगोट कोरडं, तरी मुठी आवळून पाय पोटाशी घेऊन लालेलाल, अन घरातल्यांची जेवणं उरकली तरी चालूच. मी माहेरी होती, चांदूर बाजार तालुक्यात. शेजारच्या बायांचे सल्ले सुरू झाले, "तुह्यं दूध पुरत नसन व", कोणी बेंबीभोवती हिंग लावलं, कोणी घुटी उगाळायला बसली. आईनं दृष्ट काढली, त्याला माझी ना नव्हती, मीठ-मोहऱ्या चुलीत जातात, लेकराच्या तोंडात नाही. पण एक आजी म्हणे डंबा द्या, म्हणजे तापल्या लोखंडाचे पोटाला चटके, मेळघाटाकडं अजूनही देतात, माझ्या तर अंगावर काटाच आला.

आशाताई तशीही ४२ दिवसांपर्यंत घरी येतेच (घरी जाऊन बाळ तपासायची ही पद्धत आपल्या गडचिरोलीतली, डॉ. अभय अन राणी बंग यांच्या कामातली). वजन नीट वाढत होतं, लघवी भरपूर, म्हणजे दुधाची शंका मिटली. तरी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले कॉलिक आहे, म्हणजे तब्येत चांगली असूनही लेकरू खूप वेळ रडतं, ६ आठवड्यांच्या आसपास सगळ्यात जास्त रडतात, ३-४ महिन्यांत आपोआप कमी होतं. औषध काहीच नाही दिलं, आई जरा नाराजच झाली. ६ महिने फक्त अंगावरचं दूध, घुटी नाही, ग्राइप वॉटर पण नाही. ताप आला, हिरवी उलटी झाली, शीमध्ये रक्त दिसलं, दूध ओढेना किंवा सुस्त पडलं तर मात्र लगेच आणा म्हणे.

मग पाजल्यावर खांद्यावर उभं धरून ढेकर काढायची, उघड्या छातीशी घ्यायचं, अंगणात फिरवायचं. सगळ्यात भारी म्हणजे कूलर! तोंड दुसरीकडं करून नुसता चालू ठेवायचा, त्या घरघरीनं शांत व्हायचं, अन लाईट गेली की पुन्हा सुरू. आज चाललं ते उद्या चालेलच असं काही नव्हतं.

खरा त्रास माझ्या डोक्याचा. झोप नाही, कानात तेच रडणं, कधी कधी इतका राग यायचा की स्वतःचीच भीती वाटे. लेकराला कधीच गदागदा हलवायचं नाही, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. असा राग आला की लेकराला पाठीवर निजवून मी थोडा वेळ अंगणात जायची, बाबा म्हणत "आण इकडं, तू जेव पयले", शनिवारी नवरा आला की रात्र त्याची.

चौथा महिना लागता लागता रडणं ओसरलं. हिंगवाली काकू अजूनही सगळ्यांना सांगते, माह्या हिंगानंच राह्यलं म्हणून.