एक चप्पल

सकाळी माझी डाव्या पायाची चप्पल सापडेना. रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवतायत, पाऊस भुरभुरतोय आणि मी कॉटखाली, वॉशिंग मशीनच्या मागे हात घालून शोधतेय. शेवटी सँडल घालून गेले. दुपारी लेकाला शाळेतून घेऊन आले, डबा काढायला दप्तराची चेन उघडली तर डब्याशेजारी नॅपकिनमध्ये अर्धीमुर्धी गुंडाळलेली माझी चप्पल. डब्यातली तूपसाखर पोळीची सुरळी तशीच.

मी रागावले नाही, काही विचारलंही नाही, तिथेच फरशीवर बसून राहिले.

सोमवारी त्याचा शाळेचा पहिला दिवस होता. पंधरा मिनिटं मी आत त्याच्याजवळ बसले, मग तो वाळूत डंपर भरायला लागला, आणि तिथल्या मावशी कानात म्हणाल्या, आता निघा पटकन, बघितलं तर रडेल. मी निघाले. दाराशी चप्पल घातली नाही, हातात घेतली, पायऱ्यांवर वाजायला नको म्हणून. ते आठवलं की अजून हातात ती चप्पल असल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी मावशींनीच कौतुकानं सांगितलं, "अहो, हुशार आहे तुमचा, बाहेर येऊन चपलांच्या रांगेत तुमची चप्पल शोधत होता." म्हणजे चप्पल असेल तर आई आत कुठेतरी आहे, एवढा हिशोब त्यानं केला होता. आणि चप्पल नव्हती.

तेव्हापासून घरात मी बाथरूममध्ये गेले तरी दाराबाहेर बसतो. रात्री दोनदा उठून माझा गाऊन धरतो. सगळे म्हणतात आठवडाभरात होईल सवय. होईलही. पण मला रडण्याचं एवढं काही वाटत नाहीये हो, रडू दे, मोकळं रडू दे, मला त्या शोधण्याचं वाटतंय. मी समोरून गेले असते तर तो शोधत बसला नसता.

मग आज दुपारभर स्वतःची कीव करून झाली. पाठवलाच कशाला एवढ्यात. 31 डिसेंबरला 3 पूर्ण होत असतील तर घेतात, याचा वाढदिवसच डिसेंबरातला, म्हणजे जूनमध्ये अडीच वर्षांचं पोर. पहिलीला 6 पूर्ण लागतात, मग पुढच्या वर्षी घातलं असतं तरी काही बिघडलं नसतं. ऑफिसचं कारण होतं, ते आहेच. त्याविषयी आज लिहीत नाही.

संध्याकाळी आत्याला फोन केला. तीस वर्षं बालवाडी चालवलीय तिनं. मला वाटलं समजूत काढेल, तर सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "पळून का आलीस?" मग थोड्या वेळानं आपणहूनच बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाई मोडकांचं सांगायला लागली. 1945 ला बोर्डीला बालवाडी काढली तर वस्तीतली मुलं येईनात, तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ स्वतःच वस्तीत जायला लागल्या, तिथल्याच अंगणात मुलांच्या आंघोळी, केस विंचरणं, गाणी, खेळ. अंगणवाडी ती. हे मी आधीही ऐकलं होतं, डी.एड.वाल्यांचा पाठ केलेला मजकूर म्हणून. आज वेगळंच ऐकू आलं. आधी शाळा घरापर्यंत चालत आली, मग मूल. आणि मी दोन्हीच्या मधून चप्पल हातात घेऊन सटकले.

आत्या म्हणाली, त्याला घड्याळ कळत नाही, बारा वाजता येते म्हणून काय उपयोग. खाऊ खाल्ला, गाणं झालं, हात धुतले की आई दारात, असं सांग. आणि तस्सं ये, पाच मिनिटं उशीर नको. रडला तरी पाठ फिरवायच्या आधी तोंडावर सांग, जाते म्हणून. तुझं काहीतरी त्याच्याजवळ राहू दे, रुमाल, ओढणी, काहीही.

हे ऐकून हसू आलं मला, चार दिवसांत पहिल्यांदा. त्यानं ते आपलं आपण केलंच होतं की. मला चोरून जावं लागलं आणि त्याला चोरून ठेवावं लागलं. आपल्या डोक्यानं, अडीच वर्षांच्या डोक्यानं, आधी चप्पल बघून ठेवली, मग मी डबा भरून पाठ वळवल्यावर दप्तरात घातली, चेनसुद्धा लावली. चेन लावता येते त्याला हे मला माहीतच नव्हतं. पोर रडत बसलं नाही, कामाला लागलं.

आत्ता झोपवताना सांगितलं, सोमवारी मी न सांगता गेले, चुकलं माझं. तो माझ्या बांगडीशी खेळत होता, ऐकलं की नाही कोण जाणे. मग म्हणाला, "खाऊ, मग गाणं, मग हात." मी म्हणलं, मग आई. म्हणाला, "चप्पल माझ्याकडे."

उद्या रडेल, नक्की रडेल. मीही रडेन, रिक्षात बसल्यावर. दप्तर भरून ठेवलंय, चप्पल काढली नाहीये, नळाखाली धरून पुसली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली, डब्याला लागायला नको.