शनिवार पेठेत जॅझ, तेही तीनतालात

कोपनहेगनला राहायला आलेली माणसं इथे काय काय शिकतात. पाव भाजायला शिकतात, हिवाळ्यात समुद्रात डुबकी मारायला शिकतात. मी जॅझ गिटार शिकायला लागले. त्यात हौस किती आणि हवामान किती, ते विचारू नका. नोव्हेंबर संपत आला की इथे पावणेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि ऑफिसातून बाहेर पडावं तर किर्र अंधार. डॅनिश लोकांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे संध्याकाळच्या शाळा. नगरपालिकेचं अनुदान असतं, परीक्षा नसते, आणि कामावरून परतलेली मोठी माणसं तिथे भाषा, शिवणकाम, कुंभारकाम, गाणं असं वाट्टेल ते शिकतात. आमच्या गिटारच्या वर्गात एक निवृत्त दंतवैद्य आहेत, एक बसचालक आहे आणि मी.

या गावाला जॅझचं वेड जुनं आहे. डेक्स्टर गॉर्डन हा अमेरिकन सॅक्सोफोनवादक १९६२ मध्ये युरोपात आला आणि पुढची बरीच वर्षं कोपनहेगनमध्येच राहिला. बेन वेबस्टर तर इथल्या असिस्टेन्स दफनभूमीत चिरविश्रांती घेतोय, परीकथावाल्या अँडरसनच्या शेजारात. एवढा वारसा पाठीशी असला तरी नवशिक्याला पहिलं गाणं मात्र तेच देतात, जे जगभर सगळ्यांना देतात: ‘ऑटम लीव्ह्ज’. हंगेरीत जन्मलेल्या जोसेफ कोस्माची १९४५ ची चाल, मूळ शब्द फ्रेंच, झाक प्रेव्हेर या कवीचे. अमेरिकेत जॉनी मर्सरने इंग्रजी शब्द लिहिले आणि मग जॅझवाल्यांनी ते असं उचललं की ते फ्रेंच आहे हेच लोक विसरले. १९५८ मध्ये कॅननबॉल ॲडर्लीने माइल्स डेव्हिसला घेऊन केलेलं ध्वनिमुद्रण आधी ऐका, बाकीची नंतर.

गाणं बत्तीस बारांचं, बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा. आधी मूळ चाल वाजवायची, मग तोच बत्तीस बारांचा साचा पुन्हा पुन्हा फिरवत एकेकाने त्यावर उपज करायची, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचं, शेवटी परत चाल. कॉर्ड, म्हणजे खाली एकत्र वाजणारे सुरांचे जुडगे, मात्र सगळ्यांना तेच. उपज म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला वाटतं, स्केल, म्हणजे सुरांची ठरावीक ओळ, पाठ केलं की झालं. मीही तीन-चार स्केलची तयारी करून गेले होते. मास्तरांनी ती ऐकूनसुद्धा घेतली नाहीत. म्हणाले, प्रत्येक कॉर्डच्या मूळ सुरापासून मोजून तिसरा आणि सातवा सूर तेवढा वाजव, बाकी काही नको.

कंटाळवाणं वाटतं ना? गिटार हातात असेल तर करून बघा. ए मायनर सेव्हन या पहिल्या कॉर्डसाठी तिसऱ्या आणि चौथ्या तारेवर पाचव्या पडद्यावर बोटं ठेवा, सूर सी आणि जी. पुढचा कॉर्ड डी सेव्हन. त्यासाठी चौथ्या तारेवरचं बोट फक्त एक पडदा मागे घ्यायचं, जी चा एफ शार्प होतो, सी जागचा हलत नाही. मग जी मेजर सेव्हन. आता तिसऱ्या तारेवरचं बोट एक पडदा मागे, सी चा बी होतो, एफ शार्प जागच्या जागी. तीन कॉर्ड झाले आणि हात जेमतेम एका पडद्याने सरकला. आणि गंमत म्हणजे फक्त या दोन तारा छेडल्या तरी ऐकणाऱ्याला अख्खं गाणं ओळखू येतं. मूळ चालीतले लांबवलेले सूर बघितले तर तेही सी, बी, ए, जी, असे एकेक पायरी उतरत जातात आणि प्रत्येक सूर त्या त्या कॉर्डचा तिसरा असतो. म्हणजे उपज कशी करायची ते चालीनेच सांगून ठेवलंय.

हे सगळं डोक्यात घेऊन मी डिसेंबरात पुण्याला आले. सवाई गंधर्व महोत्सव मुकुंदनगरला, आणि आमचा मुक्काम शनिवार पेठेत आत्याकडे. आत्या पेटी शिकवते, आतेभाऊ तबला वाजवतो, आणि काकांचं मत असं की जॅझ आमच्या चितळकरांनी केव्हाच करून ठेवलंय. (हे अगदीच हवेतलं नाही. चितळकरांच्या, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्रांच्या, वाद्यवृंदात चिक चॉकलेट हा गोव्याचा ट्रम्पेटवादक होता, १९५१ च्या ‘अलबेला’त तो पडद्यावरही दिसतो. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारी गोवेकर मंडळी दिवसा सिनेमात वाजवायची.)

“सूर कुठला तुझा?” आत्याने विचारलं.

“ई मायनर.”

“पांढरी तीन म्हण की.” तिने इलेक्ट्रॉनिक तानपुरा पांढरी तीनला लावला आणि मी चाल वाजवायला लागले. पहिल्या तीन ओळी तिने पेटीवर लगेच उचलल्या. सा रे ग ध, नि सा रे प, ध नि सा म. गांधार, धैवत, निषाद कोमल, सगळा आसावरी थाट. चौथ्या ओळीला ती थांबली. “अगं, हा शुद्ध निषाद कुठून आला? आणि धैवतसुद्धा शुद्ध?”

तिथे बी सेव्हन कॉर्ड येतो, त्याचा तिसरा सूर डी शार्प, म्हणजे तिचा शुद्ध निषाद. सा वर यायची त्याला घाई असते, आणि पुढचा कॉर्ड ई मायनरच असतो. मी हे समजावत बसायच्या आतच तिने तानपुऱ्यावर निषाद लावून धरला, सा वर सोडला आणि म्हणाली, “ओढ आहे ही. कळलं.” मला कोपनहेगनच्या वर्गात फळ्यावर बाण काढून शिकवलेला धडा तिने एका सुरात उरकला. मग जी मेजरच्या बारांवर तिने स्वतःच कोमल गांधाराला सा धरून बघितलं आणि बिलावल, म्हणजे सगळे शुद्ध सूर, निघाला. “मूर्च्छना,” ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

खरी मजा आतेभावाने आणली. त्याने कागदावर हिशोब मांडला: बत्तीस बार, बाराला चार मात्रा, एकूण एकशे अठ्ठावीस. सोळा मात्रांच्या तीनतालाची बरोब्बर आठ आवर्तनं. त्याने ठेका धरला आणि मी चाल घेतली, तर पहिली ओळ चौदाव्या मात्रेला उठून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर आली, दुसरी सहाव्या मात्रेला उठून ‘खाली’वर, म्हणजे नवव्या मात्रेवर, तिसरी पुन्हा समेवर, चौथी पुन्हा ‘खाली’वर. एखाद्या बंदिशीचा मुखडा असावा तशी. बत्तीस बार मोजत राहणं हा नवशिक्यांचा मोठा जाच असतो. उपजेच्या भरात आपण कितव्या बारात आहोत हेच कळेनासं होतं, मग माणूस बासवाल्याच्या तोंडाकडे बघत बसतो. आठ आवर्तनं मात्र लहानपणापासून सवाईला मांडीवर ताल धरून बसलेल्या माणसाला मोजावी लागत नाहीत.

फक्त हा ताल धरण्यातच एक खोच आहे. आपली टाळी समेवर पडते. जॅझमध्ये ड्रमर पायाने हाय-हॅट ही जोडझांज मिटतो तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला, आणि श्रोत्यांनीही तिथेच टाळी द्यायची. मास्तर मेट्रोनोम हे लय मोजणारं यंत्रसुद्धा दोन-चारवर वाजतोय असं समजून सराव करायला लावतात. मनात सम धरायची आणि हात मात्र दोन-चारवर ठेवायचा. हे जमायला मला स्केलपेक्षा जास्त वेळ लागला.

मग आतेभाऊ म्हणाला, तिहाई घे, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर ये. पहिल्या आठ बारांतले शेवटचे दोन ई मायनरचे, मात्रा आठ. तीन सुरांचा तुकडा, दम न घेता तीनदा, नऊ सूर. नववा सूर आपोआप पुढच्या समेवर, ए मायनर सेव्हनवर. सूर म प ध, म्हणजे चक्क ए, बी, सी. यातला सी पहिल्या दोन वेळी ई मायनरवर टोचतो, कारण तो त्या कॉर्डचा नाही. तिसऱ्या वेळी खालचा कॉर्ड बदललेला असतो आणि तोच सी त्याचा तिसरा सूर होऊन बसतो. आत्या आतून ओरडली, “आता कसं!”

आता इथे एक स्पष्ट सांगते, कारण पुण्यात मला सगळे हेच म्हणाले की आपल्याला शास्त्रीय येतं, मग जॅझ काय अवघड. तालापुरतं ते खरं आहे. रागाच्या सवयीने मात्र मला अडवलंच. आपण एका सुरावर ठाण मांडून बसतो, खालचा सा हलणार नाही या भरवशावर. इथे सुराचा अर्थ दर चार मात्रांनी बदलतो. तोच सी घ्या: ए मायनर सेव्हनवर गोड, डी सेव्हनवर पुढे ढकलणारा, जी मेजरवर त्याच्यावर थांबायचंच नाही, कारण तो शेजारच्या बी ला खातो, आणि लगेच पुढे सी मेजरवर तो घरचा मालक. चार बारांत एकाच सुराच्या इतक्या तऱ्हा. तिथे आलापी सुचायला लागली की गाडी पुढे निघून जाते.

जानेवारीत कोपनहेगनला परत आल्यावर नोरेब्रो भागातल्या एका कॅफेतल्या जॅममध्ये, म्हणजे जमेल त्याने येऊन वाजवायच्या मैफलीत, मी ती तिहाई घेतली. ड्रमरने दुसऱ्या आवृत्तीला मान वर केली आणि तिसऱ्याला समेवर माझ्याबरोबर झांज मारली. त्याचं ध्वनिमुद्रण व्हॉट्सॲपवर आत्याला पाठवलं.

शेवटच्या आठ बारांतली एक जागा मात्र अजून सुटलेली नाही. तिथे एका बारात दोन-दोन कॉर्ड येतात आणि खालचा सूर अर्ध्या-अर्ध्या स्वराने घसरत जातो: ई, ई फ्लॅट, डी, डी फ्लॅट, मग सी. यातले दोन सूर आसावरीतही नाहीत आणि बिलावलातही. मी सध्या तिथे काही रचायला जात नाही, हेच पाच सूर ओळीने उतरते. आत्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: “तिहाई चोख. शेवटी जिन्यावरून घसरल्यासारखं काय करता ते कळलं नाही. तबलजी बरा आहे.”