अंगणातला बंब आणि काळी काकवी

जानेवारीतली सकाळ, बाहेर उणे १९. घर गरम करणाऱ्या अंगणातल्या भट्टीपाशी जळण घालायला गेले तर दार उघडेना. लाथ मारली, ओढलं, शेवटी पहार घालून उचकटलं. दाराच्या कडेने काळं, चकचकीत, दाट काहीतरी ओघळून खालच्या बर्फावर पडलं आणि पडल्या पडल्या गोठलं. रस्त्यावर डांबर ओतताना येतो तसा वास, त्यात व्हिनेगरचा आंबटपणा. कोल्हापूरच्या माणसाला काकवी ओळखायला शिकवावं लागत नाही. दिसायला हुबेहूब काकवी! फक्त ही गुळाची नव्हती, धुराची होती. इथे तिला क्रिओसोट म्हणतात, आणि पुढची दोन वर्षं माझी या बाईशी रोजची गाठ पडणार होती.

आम्ही राहतो ते मिशिगन राज्याच्या अगदी वरच्या टोकाला. नकाशात लेक सुपिरियरमध्ये बोट खुपसल्यासारखा जमिनीचा एक तुकडा दिसतो, तो किविनॉ. नवऱ्याची नोकरी हॉटनच्या विद्यापीठात. १८८५ मध्ये तांब्याच्या खाणींसाठी सुरू झालेली ही खाणकामाची शाळा, आज तिथे आपल्याकडची बरीच मुलं एमएस करायला येतात. गावापासून वर हायवेवर बर्फ मोजायची एक उंच पट्टी उभी केली आहे. तिच्यावर १९७८-७९ च्या हिवाळ्याचा विक्रम लिहिलाय: ३९०.४ इंच. म्हणजे जवळजवळ दहा मीटर. पहिल्यांदा ती पट्टी पाहिली तेव्हा मला वाटलं, गंमत म्हणून उभारली असेल.

२०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही गावाबाहेर एक जुनं घर घेतलं. तिथे गॅसची पाइपलाइन नाही. टाकीतला प्रोपेन आहे, पण त्याचं बिल बघून झोप उडते. म्हणून घरापासून वीस पावलांवर, पत्र्याच्या छोट्या खोलीसारखी दिसणारी ही लाकडाची भट्टी. वरती धुराडं, पुढे जाड लोखंडी दार.

तिची रचना समजायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. हा आपला बंबच. आजीकडे न्हाणीघराच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब होता: मध्ये नळी, नळीत जाळ, भोवती पाणी, खाली जाळी, वरून धूर. इथे तांब्याऐवजी पोलाद, नळीऐवजी माणूस वाकून आत शिरेल एवढी पोकळी, आणि भोवती शेकडो लिटर पाणी. ते पाणी पंपाने जमिनीखालच्या पेक्सच्या (एक प्रकारच्या प्लॅस्टिकच्या) नळ्यांमधून घरात येतं, मोटारीच्या रेडिएटरसारख्या जाळीतून फिरतं, त्यावरून पंखा हवा मारतो, घर गरम. त्याच पाण्यावर आंघोळीचंही पाणी तापतं. (आत जिथे जाळ असतो त्याला इथे फायरबॉक्स म्हणतात. मी बाबांना एकदा उत्साहाने ‘आगपेटी’ म्हणून सांगितलं. ते बराच वेळ काडेपेटीचा विचार करत बसले.)

मग आजीच्या बंबाने कधी काकवी का गाळली नाही?

कारण तो बंब कधी झोपत नव्हता. पेटला की भडभडून पेटायचा, पाणी तापलं की बादली काढायची, वरून गार पाणी ओतायचं, अर्ध्या-पाऊण तासात खेळ संपला. माझ्या भट्टीला मात्र डोकं आहे. ॲक्वास्टॅट नावाचं एक बटण पाण्याचं तापमान बघत असतं. पाणी १८५ फॅरेनहाइटला, म्हणजे ८५ सेल्सियसला पोचलं की ते जाळाला हवा देणारा भट्टीचा पंखा बंद करून झडप मिटतं. आत पन्नास-साठ किलो लाकूड धगधगत असतं आणि त्याची हवा तोडली जाते. जाळ विझत नाही, जळतही नाही, नुसता धुमसत राहतो. पाणी दहा अंश उतरलं की पंखा पुन्हा सुरू. दिवसभर हाच पोरखेळ.

धुमसणाऱ्या लाकडाचा धूर म्हणजे न जळलेलं इंधन: डांबरी वाफा, ॲसिटिक आम्ल आणि भरपूर पाण्याची वाफ. हा धूर साधारण १२० सेल्सियसच्या खाली आला की दवासारखा जमायला लागतो. आणि भट्टीच्या आतल्या भिंती? त्यांच्या पाठीला ८५ अंशांचं पाणी टेकलेलं असतं. म्हणजे भिंत कायमच थंड. घरातल्या साध्या शेगडीची भिंत कडक तापते, तिथे काजळी जळून जाते. इथे पाणीच तिला तापू देत नाही. धूर भिंतीला लागला की घाम फुटतो, घाम वाळून थर होतो, थरावर पुन्हा घाम. आधी भुरभुरीत काजळी, मग पापड्या, मग काचेसारखा चकचकीत थर. हा शेवटचा थर ब्रशने निघत नाही. मी छिन्नी घेऊन बघितलं आहे.

आमचे शेजारी ऐंशीच्या पुढचे. त्यांचे आजोबा फिनलंडहून इथल्या तांब्याच्या खाणीत आले. इथे अशी घरं पुष्कळ, आणि प्रत्येकाच्या मागे एक साउना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची खोली. ‘सॉना’ म्हटलं की म्हातारे चिडतात. त्यांनी माझी भट्टी पाहिली, दारावरची काकवी पाहिली, आणि भट्टीबद्दल एक शब्द न बोलता थेट जळणाच्या राशीकडे गेले. एक ओंडका उचलला, दुसऱ्यावर आपटला. ठप्प आवाज आला. ‘हे लाकूड नाही, ही भाजी आहे,’ म्हणाले.

घर विकणाऱ्याने ‘जळण फुकट’ म्हणून मोठ्या मनाने मागे ठेवलेली ती मेपलची रास ऑगस्टमध्ये तोडलेली होती. ताज्या मेपलच्या दहा किलोंमध्ये जवळजवळ चार किलो पाणी असतं. म्हणजे मी रोज सकाळ-संध्याकाळ भट्टीत दोन-दोन बादल्या पाणी ओतत होते आणि वर थंडीला नावं ठेवत होते. ते पाणी उकळवण्यात जाळाची ताकद वाया जाते, धूर गार पडतो, आणि गार धुराचं काय होतं ते वर आलंच आहे.

याची मला जास्त लाज वाटली, कारण मी गुऱ्हाळाशेजारी वाढले. चुलवाणात ओलं चिपाड घालताना मी कधी कुणाला पाहिलं नाही. उसाचा रस निघाला की चिपाडं शेतात पसरायची, कडकडीत वाळली की मग जाळ घालणारा माणूस ती मुठीमुठीने आत सरकवणार. चुलवाणाच्या धुराचा रंग बघून गुळव्या तिथूनच ओरडायचा. हे सगळं डोळ्यांनी बघितलेलं, आणि अमेरिकेत येऊन ओला मेपल जाळत बसले.

दुसऱ्या वर्षासाठी म्हाताऱ्यांनी रास रचायला शिकवली. लाकूड आधी फोडायचं, कारण सालीतून पाणी निघत नाही, फोडलेल्या अंगातून निघतं. खाली फळ्या टाकून जमिनीपासून उचलायचं. वरून पत्रा, पण बाजू उघड्या, वारा आरपार गेला पाहिजे. पहिल्या वर्षी मी ताडपत्रीने सगळी रास नखशिखान्त गुंडाळली होती. आत वाफ कोंडून लाकडावर बुरशी आली. मेपल, बर्च यांना एक पूर्ण उन्हाळा तरी हवा, ओकला दोन. पाइनबद्दल इथे लोक बोटं मोडतात, म्हणे पाइनने धुराडं भरतं. म्हाताऱ्यांनी तेही मोडीत काढलं: वाळलेला पाइन ओल्या ओकपेक्षा शंभर पटीने बरा.

बाबांना हे सांगितल्यावर ते लगेच म्हणाले, ‘गंजी नीट रचली की गंज लागत नाही.’ दिवसभर स्वतःच्याच विनोदावर खूश होते.

मी लाकडातली ओल मोजणारा, वीस-पंचवीस डॉलरचा मॉइश्चर मीटर घेतला. दोन सुया लाकडात खुपसायच्या, आकडा येतो. पण बाहेरून खुपसायच्या नाहीत, बाहेरचं अंग नेहमी खोटं बोलतं. ओंडका फोडून ताज्या अंगात खुपसायच्या. वीस टक्क्यांच्या खाली आला तर आत, वर आला तर परत राशीत. पहिल्या वर्षीच्या मेपलवर मीटरने हातच टेकले होते.

जळण सुधारलं, तरी माझी एक सवय सुटत नव्हती: दार उघडलंच आहे तर ठासून भरायचं. ऑक्टोबरमध्ये, बाहेर दहा अंश असताना, एवढ्या जळणाची गरजच नसते. मग ती भट्टी तासन् तास धुमसत बसते. आता मी पुढच्या बारा तासांत जळेल तेवढंच घालते, बारीक फोडून. उन्हाळ्यात नुसत्या आंघोळीच्या पाण्यासाठी भट्टी पेटवायची हौस तर पूर्ण सोडली. आणि रोज एकदा, सकाळी, तिला पंखा लावून दणकून जळू देते. त्या जाळात आदल्या रात्रीचा ओला थर वाळून पापडासारखा सुटतो.

हे मात्र थर पातळ असताना. जाड थर साचल्यावर मी हा प्रयोग केला तेव्हा धुराड्यातलं क्रिओसोटच पेटलं. रात्रीचे नऊ, बाहेरून आगगाडी चालल्यासारखी घरघर. खिडकीतून बघते तर धुराड्याच्या तोंडातून दिवाळीतला अनार उडतोय आणि नळीचा खालचा भाग लाल. पाणी मारायचं नाही हे ऐकून माहीत होतं. पंखा बंद केला, झडपा मिटल्या, दार घट्ट लावलं, आणि बर्फात उभी राहून बघत बसले. वीस मिनिटांत शांत झालं. हीच शेगडी घराच्या आत असती तर छप्पर राहिलं नसतं. तेव्हापासून दर महिन्याला धुराड्यात ब्रश फिरतो.

खरा फटका मात्र हिवाळ्यात बसला नाही, तो उन्हाळ्यात बसला. पहिल्या एप्रिलमध्ये थंडी संपली तशी मी भट्टी विझवून दार लावलं आणि विसरून गेले. तळाशी चार बोटं राख तशीच. राख हवेतलं पाणी ओढते, हे आजीच्या घरात भांडी घासायच्या राखेचा डबा बघितलेल्या कुणालाही ठाऊक असेल. पावसाळी दिवसांत ती चिखल होते. भिंतीवरच्या क्रिओसोटमध्ये आम्ल, तळाला ओली राख, आणि पाच महिने पोलाद त्या पोटिसात. सप्टेंबरमध्ये पेटवायला गेले तर आतून चुर्र आवाज. मागच्या कोपऱ्यात, वेल्डिंगच्या रेषेवर, तांदळाएवढं छिद्र, आणि त्यातून पाण्याची धार निखाऱ्यांवर. वेल्डर आला. आधी पाणी काढलं, मग कोपरा घासून चकचकीत केला, मग ठिगळ लावलं. त्याने छिद्राभोवती हातोडी मारून दाखवली. पत्रा आजूबाजूला कागदासारखा पातळ झाला होता.

आता मे महिना आला की माझा एक दिवस भट्टीच्या पोटात जातो. मास्क, जुनी सलवार, खरवडणी. राख कणन् कण काढायची, कोपऱ्यातली तर बोटाने. भिंती खरवडायच्या, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसायच्या, वाळल्या की तेलाचा हलका हात. धुराड्यावर बादली उपडी घालायची, म्हणजे पाऊस आत येत नाही. दाराच्या कडेची दोरी, गास्केट, कडक झाली असेल तर बदलायची, कारण फटीतून हवा शिरली की झडप मिटूनही काही उपयोग नाही.

हा झाला जाळाकडचा गंज. पाण्याकडचा वेगळा, आणि तो दिसत नाही. ही भट्टी वरून उघडी, प्रेशरची नाही, त्यामुळे पाण्यात ऑक्सिजन शिरत राहतो. म्हणून पाण्यात नायट्राइटचं गंजरोधक घालतात आणि पीएच आठच्या वर ठेवतात. दरवर्षी एका बाटलीत नमुना भरून तपासायला पाठवायचा. पातळी उतरली म्हणून मी सारखं विहिरीचं पाणी ओतायचे, तेव्हा औषध पातळ होत होतं आणि वर क्षारही जात होते. उन्हाळ्यात पाणी काढून टाकावं हा माझा आणखी एक शहाणपणा. रिकाम्या ओल्या भिंती हवेत सोडणं म्हणजे गंजाला निमंत्रणच. भरलेली ठेवायची.

एक दुरुस्ती वेल्डरच्या सांगण्यावरून केली. गॅरेजच्या नळीतून परत येणारं पाणी फार गार होऊन येत होतं, चाळीसच्या आसपास. त्याने भट्टीचा तो कोपरा घामाने सतत ओला राहायचा. छिद्र तिथेच पडलं, हा योगायोग नव्हे. आता एक थर्मोस्टॅटची झडप बसवली आहे. ती थोडं गरम पाणी परतीच्या पाण्यात मिसळते आणि साठच्या खालचं पाणी आत येऊ देत नाही.

आमची भट्टी जुनी. इथल्या पर्यावरण खात्याने २०१५ मध्ये अशा भट्ट्यांवर धुराचे नियम आणले आणि २०२० च्या मे महिन्यात ते आणखी कडक केले. नव्या भट्ट्या धूर दुसऱ्यांदा जाळतात, पण त्यांना ओलं लाकूड अजिबातच चालत नाही. कधीतरी घेऊ. आमच्या या म्हातारीने ठिगळासकट अजून तीन हिवाळे काढावेत एवढीच अपेक्षा.

परवा पहिला बर्फ पडला. सकाळी मीटरने सतरा दाखवला, भट्टी पेटवली, आणि बाबांना दाखवायला फोन घेऊन बाहेर गेले. धुराड्याच्या तोंडावर नुसती हवा थरथरत होती.

‘धूर कुठाय?’ बाबा म्हणाले. ‘विझला काय गं तुझा बंब?’