एकाच घरातला सिलिअ‍ॅक, पण तक्रारी निरनिराळ्या

घरात एकाला सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार, निघाला की बाकीचे आपापल्या पोटाकडे बघतात. जुलाब नाहीत, पोट फुगत नाही, म्हणजे सुटलो! पण एकाच घरात चौघांना हा आजार असला तरी चौघांची तक्रार एक असेलच असं नाही. मुलाचं पोट सारखं बिघडतं. बहिणीची फक्त उंची खुंटलेली असते. आईचं हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्या घेऊनही वर येत नाही, कारण लोह जिथे शोषलं जातं तो लहान आतड्याचा सुरुवातीचा भागच खराब झालेला असतो. मामाच्या कोपरांवर-गुडघ्यांवर खाजरे फोड येतात आणि तो वर्षानुवर्षं मलमं लावत बसतो. एखाद्याला तर काहीच जाणवत नाही, आतडं मात्र आतून झिजलेलं.

या आजाराला लागणारी एचएलए डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकं साधारण ३० ते ४० टक्के लोकांत असतात; आजार होतो जेमतेम १ टक्का लोकांना. आईवडील, सख्खी भावंडं, मुलं यांच्यात मात्र तो दहात एकाच्या आसपास सापडतो. भावंडांत जास्त, आईवडिलांत कमी. घरात आधीच दोन रुग्ण असतील तर उरलेल्यांचा धोका आणखी चढतो.

म्हणून लक्षणं असोत-नसोत, या सगळ्यांची टीटीजी-आयजीए ही या आजारातल्या अँटिबॉडी शोधणारी रक्तचाचणी करावी, आणि सोबत एकूण आयजीए (रक्तातल्या अँटिबॉडीचा एक प्रकार) मोजावं. हे दुसरं बरेचदा राहून जातं. सिलिअ‍ॅकच्या शंभरातल्या दोन-तीन रुग्णांत आयजीए मुळातच नसतं. त्यांचा टीटीजी-आयजीए नॉर्मल येतो आणि घरचे निर्धास्त होतात. अशांची आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या अँटिबॉडीची चाचणी लागते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एकाचं निदान झाल्याबरोबर अख्ख्या घराचा गहू बंद करणं. हेतू चांगला, पण ग्लूटेन थांबलं की अँटिबॉडी उतरतात, आतडं भरून येऊ लागतं आणि चाचणीत काही सापडत नाही. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा रोज किमान ३ ग्रॅम ग्लूटेन, म्हणजे ब्रेडचे साधारण दोन स्लाइस, सहा ते आठ आठवडे खावं लागतं. तेव्हा आधी सगळ्यांचं रक्त, मगच स्वयंपाकघर. चाचणी पॉझिटिव्ह आली तरी एंडोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) होईपर्यंत गहू चालूच. बायॉप्सीचे तुकडे आतड्याच्या तोंडाशी एक-दोन आणि पुढे किमान चार घेतात, कारण इजा ठिकठिकाणी विखुरलेली असते.

निगेटिव्ह आलेल्यांनी एचएलए जनुकांची चाचणी करून घ्यावी. दोन्ही जनुकं नसतील तर हा आजार होण्याची शक्यता जवळजवळ संपते आणि पुढच्या चाचण्या वाचतात. जनुक असलेल्या मुलांची चाचणी दर दोन-तीन वर्षांनी; मोठ्यांची चाचणी थायरॉइडचा आजार, टाइप १ मधुमेह, न उतरणारा अ‍ॅनिमिया किंवा वारंवार गर्भपात असं काही निघालं की लगेच, आधीचा रिपोर्ट कितीही स्वच्छ असला तरी.