तुम्ही विचारलंत म्हणून: बेटावर दिवसभर काय करता?

वन्यजीवांसाठी राखून ठेवलेल्या एका दूरच्या बेटाचा मी रखवालदार आहे, हे कळले की "तिथे दिवसभर करता तरी काय?" हा प्रश्न हमखास येतो. पक्षी पाहत असेन, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात माझा बराच वेळ उंदीर शोधण्यात जातो, आणि तोही बेटावर एकही उंदीर नसताना.

सकाळी वायरलेसवरून हवामान कळवले आणि सोलर पॅनलवरची पक्ष्यांची विष्ठा धुतली, की मी किनाऱ्याच्या फेरीला निघतो. ठिकठिकाणी ठेवलेल्या पेट्यांमध्ये मेणाच्या वड्या असतात. प्रत्येक वडी उजेडात तिरपी धरून पाहावी लागते, कारण किड्यांनी खरवडलेला भाग उथळ आणि वेडावाकडा असतो, तर उंदराच्या पुढच्या दातांच्या खाचा जोडीजोडीने, सरळ उमटतात. अशी एक खाच दिसली तरी बाकीची सगळी कामे बाजूला पडतील.

इतकी दक्षता घ्यावीच लागते. पेट्रेल आणि शिअरवॉटर हे समुद्रपक्षी वर्षाला फार तर एकच अंडे घालतात, तेही बहुधा जमिनीतल्या बिळात, जिथे उंदीर सहज शिरू शकतो. दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटावर तर माणसांच्या जहाजांतून पोचलेले साधे घरउंदीर अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची जिवंत पिल्ले कुरतडून खातात. न्यूझीलंडच्या कॅम्पबेल बेटावरचे उंदीर २००१ मध्ये हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून नष्ट केले गेले. पण एखादी गाभण मादी नावेतून उतरली, तरी असे सारे कष्ट पाण्यात जाऊ शकतात.

म्हणून येथे येणारे सामान बंद खोलीतच उघडले जाते, आणि बुटांची माती व मोज्यांना चिकटलेली कुसळे काढल्याखेरीज मी कोणालाही पुढे सोडत नाही. काहींना याचा राग येतो, तरी मी सूट देत नाही.

बिळांमुळे इथली जमीन पोकळ झालेली आहे, त्यामुळे वाट सोडून चालता येत नाही. चुकून बिळाचे छत ढासळलेच, तर लगेच माती उपसून त्यावर सपाट दगड ठेवावा लागतो. रात्री खिडक्यांना जाड पडदे लावतो, कारण प्रथमच उडणारी पिल्ले दिव्याकडे ओढली जातात आणि भिंतीवर आदळतात.

एकटेपणाबद्दलही विचारले जाते. त्याहून मला बोट येण्याच्या दिवसाचीच चिंता अधिक असते. तेव्हा कधी आलात, तर सामान पोत्यात किंवा खोक्यात न आणता घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून आणा.