तुम्ही विचारलंत म्हणून: सात आकडे छापले तरी वेळ तीच का?

विंडोजवर काम करणारे नेहमी विचारतात, लॉगमध्ये (प्रोग्राम लिहून ठेवतो त्या नोंदींत) सेकंदानंतर सात आकडे येतात, तरी लागोपाठच्या वीस नोंदींवर एकच वेळ कशी?

विंडोज वेळ 100 नॅनोसेकंदांच्या एककात ठेवतं, म्हणून आकडे सात. पण गेटसिस्टमटाइमॲजफाइलटाइम हे वेळ विचारण्याचं जुनं फंक्शन शेवटच्या टिकला (सिस्टमच्या घड्याळाच्या ठोक्याला) नोंदवलेली वेळच परत देतं, आणि टिक मुळात सेकंदाला 64, म्हणजे 15.625 मिलिसेकंदांनी एक. मधल्या काळातल्या सगळ्या नोंदींवर मग एकच शिक्का बसतो. विंडोज 8 मध्ये याचंच 'प्रिसाइज' रूप आलं, ते मायक्रोसेकंदापेक्षा बारीक वेळ देतं. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट फ्रेमवर्कचं आताची वेळ देणारं यूटीसीनाऊ जुन्या फंक्शनवर चालतं, डॉटनेट कोअरचं नव्यावर. पायथनचं टाइम.टाइम विंडोजवर थेट 3.13 मध्ये नव्यावर आलं. म्हणून कोडला हात लावण्याआधी व्हर्जन बघा.

आपल्या मशीनवर खरी पायरी केवढी, हे मोजूनच कळतं. लूपमध्ये दहा लाख वेळा वेळ वाचा आणि किंमत बदलली की मागच्यापासूनचा फरक ॲरेत ठेवा. ॲरे आधीच पूर्ण आकाराचा घ्या. लूपमध्ये प्रिंट अजिबात नको, नाहीतर प्रिंटचाच वेळ मोजला जाईल. शून्याहून मोठा सर्वांत लहान फरक, तीच पायरी.

पायथनमध्ये आणखी एक खाच आहे. टाइम.टाइम फ्लोट, म्हणजे दशांश संख्या, देतं. 1970 पासूनचे सेकंद आता 170 कोटींच्या पुढे गेलेत, आणि एवढ्या मोठ्या संख्येत 64 बिटांचा फ्लोट साधारण 238 नॅनोसेकंदांखालचा फरक दाखवूच शकत नाही. टाइम_एनएस वापरा, ते पूर्णांक देतं.

यापेक्षाही मला महत्त्वाचं वाटतं ते हे की, 'किती वाजले' आणि 'किती वेळ लागला' यांची घड्याळं वेगळी असतात. पहिलं घड्याळ एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी यंत्रणा) कधीही पुढेमागे सरकवू शकतं, आणि मग कालावधी उणे येतो. कालावधीसाठी विंडोजवर क्वेरीपरफॉर्मन्सकाउंटर, लिनक्सवर क्लॉक_मोनोटॉनिक, जावात नॅनोटाइम, पायथनमध्ये पर्फ_काउंटर_एनएस. यांच्या शून्याला कॅलेंडरात जागा नसते, म्हणून दोन मशीनचे आकडे एकमेकांतून वजा करू नका. लॉगमध्ये दोन्ही घड्याळांचे रकाने ठेवावेत, असं माझं ठाम मत आहे.

लिनक्सवर वेळ वाचायला सहसा काही दहा नॅनोसेकंद पुरतात, कारण व्हीडीएसओमुळे (कर्नलने प्रोग्रामच्याच मेमरीत ठेवलेला छोटा कोड) कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात, जावंच लागत नाही. अचानक ते कितीतरी पटींनी महागलं, तर सिसएफएसमधली (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी जागा) करंट_क्लॉकसोर्स ही फाइल वाचा. तिथे टीएससीऐवजी (प्रोसेसरमधला वेगवान काउंटर) एचपेट (प्रोसेसरबाहेरचा, वाचायला संथ टायमर) दिसलं, तर कर्नलने टीएससीला बेभरवशाचा ठरवलेलं असू शकतं. त्याचं कारण डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) 'क्लॉकसोर्स' शोधल्यावर सापडतं.